मराठी मॅस्टोडॉन सर्व्हर: नोंदी, हिशोब आणि भांडणं

मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण कोणालाही स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं समाजमाध्यम. तिथे स्वतःचा सर्व्हर काढायचा विचार असेल तर आधी हे वाचा. माझ्या वहीतल्या सगळ्या नोंदी इथे नाहीत. ज्या दिवशी वेळ, पैसे किंवा माणसं गेली तेवढ्याच उतरवल्यात. ॲक्टिव्हिटीपब, म्हणजे हे सर्व्हर एकमेकांशी ज्या रीतीने बोलतात ती, कशी चालते ते इथे मिळणार नाही. वेगवेगळ्या लोकांचे सर्व्हर एकमेकांशी बोलतात आणि कोणी कोणाशी बोलायचं हे ज्याचा तो ठरवतो, एवढं माहीत असलं की पुरे. त्यातला दुसरा भाग मला फार महागात पडला.

३० ऑक्टोबर २०२२, रविवार

गुरुवारी मस्कने ट्विटर ताब्यात घेतलं. दिवाळीची सुट्टी संपत आलीय, तेवढ्यात सर्व्हर उभा करून टाकू म्हणून बसलो. मॅस्टोडॉन मला नवीन नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा भारतातून जी लाट आली तिच्यात मीही आलो होतो. माझ्या ओळखीतले बहुतेक महिनाभरात परत गेले, मी रेंगाळलो.

जर्मनीतला सर्व्हर घेतला, ४ जीबी रॅम, महिना साधारण ₹६५०. डोमेनचे वर्षाला ₹८०० वेगळे. मांडणीला दोन तास लागले, मग स्वतःच्या मूर्खपणावर सहा गेले. आधी चाचणीचं डोमेन टाकून चालू केलं, त्यावरून तीसेक लोकांना फॉलो केलं आणि मग सेटिंगमध्ये नाव बदलून खरं डोमेन टाकलं. झालं, बाहेरचे सर्व्हर ओळखच देईनात. त्यांच्याकडे जुन्या नावाची नोंद, आमच्याकडे नवं नाव. सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. इथे एकदा बारसं झालं की नाव बदलत नाही.

खात्याचं नाव रोमन अक्षरांतच घ्यावं लागतं, देवनागरी चालत नाही. दिसायचं नाव देवनागरीत लिहिता येतं. यावरून पहिल्याच दिवशी एका सभासदाने ‘मग मराठी सर्व्हर कसला?’ असं ऐकवलं. सभासद तेव्हा चार होते.

१८ नोव्हेंबर २०२२, शुक्रवार

काल रात्री ट्विटरचे शेकडो कर्मचारी सोडून गेल्याची बातमी आली आणि आज सकाळपासून ट्विटर बंद पडणार अशी हवा. काल संध्याकाळी आमच्याकडे ४० खाती होती, आत्ता रात्री दहाला २३१.

सकाळी नऊला पहिली तक्रार: खातं उघडलं, पण खात्रीची ईमेल आली नाही. आमची ईमेल सेवा फुकटातली, दिवसाला १०० पर्यंत. एकशे एकावा माणूस दाराबाहेरच. ₹१,२०० भरून मर्यादा वाढवली आणि अडकलेल्यांना हाताने मंजुरी दिली.

दुपारी खरा घोळ. पोस्ट पाठवणं-आणणं ही कामं साइडकिक नावाचा प्रोग्रॅम करतो, त्याच्या रांगेत ३८ हजार कामं साचली. एकाने दहाला ‘पोचलो बुवा एकदाचा’ लिहिलं आणि त्याला स्वागताचं उत्तर मिळालं दीड वाजता. मी घाईत त्याचे धागे (म्हणजे एका वेळी किती कामं चालतील ते) ५ वरून थेट ६० केले. मेमरी भरली आणि लिनक्सने जागा करायला नेमका डेटाबेसच मारला. अकरा मिनिटं सर्व्हर आडवा. एवढ्यात कोणीतरी ट्विटरवर जाऊन ‘मराठी मॅस्टोडॉन पण बंद पडलं’ हे लिहून आला.

शेवटी जे चाललं ते असं: ८ जीबीचा सर्व्हर घेतला (महिना ₹१,३००), धागे २५, डेटाबेसच्या जोडण्या त्या हिशोबाने वाढवल्या आणि येणाऱ्या, जाणाऱ्या व ओढून आणायच्या कामांना वेगळ्या प्रक्रिया दिल्या. ‘शेड्युलर’ नावाची रांग मात्र एकाच प्रक्रियेत ठेवा. मी दोन प्रक्रियांत ठेवली होती, ठरल्या वेळची कामं दोनदोनदा होऊ लागली. अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, पूर्ण लागली.

२७ नोव्हेंबर २०२२, रविवार

नवीन मंडळींची तक्रार: ‘इथे काहीच घडत नाही.’ रिकाम्या घरात आवाज घुमतो तसं त्यांना वाटत होतं. म्हणून बुधवारी एक मोठा रिले जोडला, म्हणजे बाहेरच्या शेकडो सर्व्हरांच्या पोस्टी आमच्या सार्वजनिक टाइमलाइनवर ओतायची सोय. टाइमलाइन धो धो वाहू लागली. जपानी, जर्मन, मांजरांचे फोटो. मराठी पोस्ट त्यात दिसेना. शिवाय आलेल्या प्रत्येक चित्राची प्रत आमच्या डिस्कवर. ८० जीबीची डिस्क चार दिवसांत भरली आणि आज पहाटे डेटाबेसने लिहिणं बंद केलं.

रिले काढून टाकला. परक्या चित्रांचा साठा कमांडने साफ केला. पुन्हा असं होऊ नये म्हणून ॲडमिनच्या पानावर किती दिवस काय ठेवायचं याचे रकाने दिसले, त्यातल्या दोन्हींत १४ भरले. काम पाच मिनिटांत झालं म्हणून खूश होतो.

११ डिसेंबर २०२२, रविवार

रत्नागिरीचे एक निवृत्त गुरुजी आमचे सभासद आहेत. मोडी लिपीत रस. बाहेरच्या सर्व्हरांवर मोडी कागदांबद्दल कोणी काही टाकलं की ते बुकमार्क करत. आज त्यांचा निरोप आला: ‘माझी पेटी रिकामी झाली आहे. माझ्याकडून काही चुकीचं दाबलं गेलं का?’

त्यांच्याकडून नाही, माझ्याकडून. त्या दोन रकान्यांपैकी एक चित्रांचा आणि दुसरा चक्क बाहेरच्या पोस्टींचा होता. चौदा दिवसांपेक्षा जुनी प्रत्येक परकी पोस्ट आमच्या डेटाबेसमधून गेली. कोणी ती आवडती केलीय की बुकमार्क, हे तो बघत नाही. (आता तिथे तसा स्पष्ट इशारा लिहिलेला असतो. चित्रांच्या रकान्याला हात लावा, दुसरा रिकामाच सोडा.)

बॅकअप? २४ तारखेपासून डिस्क भरत आल्यामुळे रोजचा बॅकअप शून्य आकाराचा बनत होता आणि मी बघितलं नव्हतं. त्याआधीच्या प्रतीतून गुरुजींच्या १९० पैकी ७० बुकमार्कांचे दुवे काढून पाठवले. ते म्हणाले, ‘असू द्या, कसर लागली असं समजतो.’ रागावले असते तर बरं वाटलं असतं.

१९ डिसेंबर २०२२

ट्विटरने गेल्या आठवड्यात मॅस्टोडॉनचं अधिकृत खातं बंद केलं आणि काल मॅस्टोडॉनच्या दुव्यांवरच बंदी घातली. ओरड झाली, मग मागे घेतली. आमच्याकडे ६० नवीन खाती. सर्व्हर हललाही नाही.

२१ जानेवारी २०२३, शनिवार

एका मोठ्या सर्व्हरवरची (नाव लिहीत नाही) दोन खाती आमच्या एका मुलीच्या मागे लागली होती. प्रत्येक पोस्टखाली घाण. तिकडच्या मॉडरेटरांना पाच दिवसांत चार तक्रारी केल्या, उत्तर नाही. आज रात्री आमच्या सभासदांच्या गटात वातावरण तापलं. ‘ॲडमिन झोपलाय का?’ ‘त्यांना ब्लॉक करा, नाहीतर आम्ही चाललो.’ जुन्या मंडळींपैकी एकाने वर मीठ चोळलं: ‘चांगल्या सर्व्हरांनी हे कधीच केलं असतं.’

सव्वाअकराला मी त्या सबंध सर्व्हरला ‘निलंबित’ केलं. टाळ्या. सगळे झोपायला गेले.

९ फेब्रुवारी २०२३, गुरुवार

सोलापूरच्या एका सभासद ताईंचा फोन. फोन नंबर कसा मिळाला ते पुढच्या नोंदीत येईल. त्यांनी सरळ विचारलं, ‘दादा, कोणी आपल्याला अनफॉलो केलं तर ते कधी केलं हे कळतं का?’

त्यांची कॉलेजची मैत्रीण त्या मोठ्या सर्व्हरवर. वीस वर्षांची मैत्री, रोज एकमेकींच्या पोस्टीखाली काहीतरी. जानेवारीच्या शेवटी मैत्रिणीच्या पोस्टी दिसेनाशा झाल्या. बघितलं तर फॉलोअरच्या यादीतून ती गायब. ताईंना वाटलं, संक्रांतीला आपण आधी कबूल करून तिच्याकडे गेलो नाही, तो राग. तिकडे मैत्रिणीच्या यादीतून या गायब. तिला वाटलं, हिलाच काहीतरी झालंय. तीन आठवडे दोघी एकमेकींच्या फोनची वाट बघत बसल्या. शेवटी ताईंच्या मुलाने शंका काढली की हा सर्व्हरचा काही प्रकार नाही ना.

होता. निलंबन केलं की दोन्हीकडचे फॉलो तुटतात आणि कोणाला काही कळत नाही. दोन खात्यांवरचा राग मी एका मोठ्या गावावर काढला होता. ती दोन खाती एकेकटी बंद करता आली असती. फार तर सबंध सर्व्हर ‘मर्यादित’ करता आला असता, म्हणजे अनोळखी लोकांना तिकडचं दिसत नाही, पण आधीची नाती टिकतात.

त्याच रात्री निलंबन उठवलं. पण उठवल्याने तुटलेलं जुळत नाही. २० जानेवारीचा बॅकअप वेगळ्या मशिनवर उघडला (डिसेंबरनंतर मी रोज बॅकअपचा आकार बघतो) आणि मोजलं: ४१२ नाती. त्यांतली २६१ आमच्या लोकांनी तिकडे केलेली फॉलो. त्यांची माणसागणिक फाइल करून ज्याची त्याला दिली, मॅस्टोडॉनमध्ये अशी फाइल परत भरता येते. उरलेले १५१ तिकडचे लोक, त्यांनी स्वतःच पुन्हा बटण दाबायला हवं. आमच्या लोकांना सांगितलं, ओळख असेल तर निरोप द्या. महिनाभराने ४६ परत आले होते.

ताईंच्या मैत्रिणीला मी स्वतः लिहिलं. तिचं उत्तर दोन शब्दांचं: ‘धन्य तुमची.’

१२ मार्च २०२३

पैशांची आणि कागदपत्रांची नोंद.

एक. जर्मनीतल्या कंपनीचं बिल कार्डावरून आपोआप जायचं. बँकेने ते नाकारलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ पासूनच्या नियमांमुळे परदेशी ठिकाणी दरमहा कापून जाणारे पैसे असे अडकतात. स्मरणाच्या ईमेल स्पॅममध्ये गेल्या आणि सर्व्हर सहा तास बंद. आता फ्रँकफर्टला राहणारी माझी मावसबहीण तिकडे युरो भरते आणि मी इथे नाशिकात मावशीला यूपीआय करतो. मावशीला वाटतं मी हप्त्यावर काहीतरी घेतलंय.

दोन. वर्गणी. ज्याला जमेल त्याने महिना ₹५०. पहिल्या महिन्यात ₹३,४५० जमले आणि लगेच प्रश्न: ‘खर्च ₹२,५०० आहे, वरच्या ₹९५० चं काय?’ गणपतीच्या मंडळात काम केलेल्यांना हे नवीन नाही. तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला हिशोबाची पोस्ट. पावतीच्या फोटोसकट. तो प्रश्न विचारणारा आता खजिनदार आहे.

तीन. २०२१ च्या आयटी नियमांनुसार छोट्या सर्व्हरलाही तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव-संपर्क जाहीर करावा लागतो. तेव्हाच्या नियमाने तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल १५ दिवसांत. अधिकारी अर्थात मी. म्हणून सोलापूरच्या ताईंकडे माझा नंबर होता. घरचा नंबर देऊ नका, वेगळं सिम घ्या. रात्री अडीचला ‘माझा पासवर्ड विसरलो’ हे ऐकून झालंय.

१८ जुलै २०२३, मंगळवार

हा महिना लक्षात राहील. ६ तारखेला मॅस्टोडॉनची सुरक्षा सुधारणा आली (४.१.३). चित्राच्या फाइलमधून सर्व्हरवर वाटेल तिथे फाइल लिहिता येईल असं भगदाड होतं. बॅकअप, अपडेट, पुन्हा चालू, ४० मिनिटं. दुरुस्ती अशी हवी.

त्याच दिवशी मेटाचं, म्हणजे फेसबुकवाल्यांचं, थ्रेड्स हे ट्विटरसारखं ॲप चालू झालं. पुढेमागे तेही फेडिव्हर्सला, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या या सर्व्हरांच्या जाळ्याला, जोडणार अशी घोषणा. जगभरातल्या कित्येक ॲडमिननी ‘आम्ही मेटाला आत घेणार नाही’ असा करार केला होता. आमच्याकडे दोन तट. एक म्हणे आत्ताच ब्लॉक करा, नाहीतर करारवाले सर्व्हर आपल्यालाच वाळीत टाकतील. दुसरा म्हणे आमचे आईवडील, भाऊ-वहिनी तिकडेच येणार, त्यांच्याशी बोलायला आम्ही पुन्हा दुसरं खातं काढायचं का? थ्रेड्स तेव्हा जोडलेलंही नव्हतं. पाहुणा यायच्या आधी सतरंजीवरून भांडण. मतदान घेतलं: ६३ विरुद्ध ५५, ब्लॉकच्या बाजूने. जानेवारी आठवून मी ब्लॉक न करता ‘जोडलं गेलं की मर्यादित करू’ असं जाहीर केलं. मतदान घेऊन निकाल न पाळणं ही चूक होती, कबूल. पाळायचं नसेल तर घेऊ नये. १४ जण निघून गेले. जाताना फॉलोअर बरोबर नेता येतात, पोस्टी मात्र जुन्या घरीच राहतात, हे त्यांना आधी सांगितलं होतं. तरी दोघांनी ‘आमच्या पोस्टी अडकवून ठेवल्या’ असा आरोप केलाच.

आणि मग मटण. परवा रविवारी कोल्हापूरच्या एका सभासदाने तांबड्या-पांढऱ्याचा फोटो टाकला, रस्स्यावर बोटभर तर्री. गटारी सोमवारची, पण सुट्टी रविवारची. यंदा अधिक श्रावण असल्याने खरी गटारी आत्ता की महिन्याने, यावर खाली पंचवीस उत्तरं झाली. तोवर मजाच होती. मग आमच्या २०१९ च्या मंडळींपैकी एकाने लिहिलं, ‘मांसाहाराच्या फोटोवर इशारा लावायची इथे पद्धत आहे.’ पद्धत आहे हे खरं. फोटो झाकून वर ‘खाणं, मांस’ असं लिहायचं, ज्याला बघायचं तो उघडेल. पण आपल्याकडे ‘मटण झाकून ठेवा’ या वाक्याला वेगळा इतिहास आहे. कोल्हापूरकर भडकला: ‘भाड्याचं घर शोधतानाही हेच ऐकतो.’ ज्याने सुचवलं तो स्वतः आठवड्यातून तीनदा चिकन खाणारा. त्याला काय चुकलं तेच कळेना. त्याने ती रीत एका जर्मन सर्व्हरवर शिकलेली.

परदेशी सर्व्हरवरून त्या फोटोविरुद्ध दोन तक्रारी आल्या, मी दोन्ही बंद केल्या. नियमांत लिहिलं: खाण्यावर इशारा ऐच्छिक, दुसऱ्याला लावायला सांगू नये. कोल्हापूरकराने त्याच संध्याकाळी पुढचा फोटो टाकला, वर इशारा लावून: ‘सावधान, आत वांग्याचं भरीत.’

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

गुरुवारपासून स्पॅमचा पूर. खाती उघडायला मुभा असलेले, ॲडमिन सोडून गेलेले छोटे सर्व्हर शोधून त्यांवरून हजारो पोस्टी, सोबत ‘स्पॅम’ याच नावाच्या डबाबंद मांसाचा फोटो. (कोल्हापूरकर: ‘यावर इशारा कुठाय?’) आमच्यावरही रात्री नऊ खाती उघडली गेली. नोंदणी मंजुरीने सुरू केली आणि ‘इथे का यायचंय, मराठीत दोन ओळी लिहा’ हा प्रश्न टाकला. त्यानंतर एकही बोगस खातं नाही. पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तीन रात्री गेल्या. मावसबहीण फ्रँकफर्टहून आमच्या मध्यरात्री लक्ष ठेवते. तिला आता रीतसर मॉडरेटर केलं.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

मॅस्टोडॉनच्या ४.३ आवृत्तीवर गेलो. यात ॲडमिनने एखादा सर्व्हर निलंबित केला की सभासदाला सूचना जाते, अमुक इतकी नाती तुटली म्हणून, आणि यादीही उतरवून घेता येते. सोलापूरच्या ताईंना कळवलं. त्यांनी फक्त हसण्याचं चिन्ह पाठवलं.

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार

अमेरिकेच्या निवडणुकीनंतर ब्लूस्काय, ट्विटरसारखंच आणखी एक समाजमाध्यम, दोन कोटी खात्यांवर गेलं. आमचे रोज बोलणारे १४० होते, ते दोन आठवड्यांत ९०. जाणाऱ्यांची कारणं साधी: तिकडे सर्व्हर निवडा म्हणून कोणी डोकं खात नाही, शोध चालतो, तयार याद्या मिळतात, एका बटणात पन्नास जण फॉलो होतात. राहिलेले चिडले. ‘पुन्हा कंपनीच्याच दारात गेलात.’ ‘तिकडे विकेंद्रित फक्त नावाला.’ जाणाऱ्यांचं उत्तर: ‘तुमच्याकडे विकेंद्रित म्हणजे एका माणसाच्या मूडवर.’ तो माणूस मी. लागलं, कारण जानेवारी २०२३ त्यात होती.

तांत्रिक बाजू राहिलेल्यांची बरीचशी खरी आहे. ब्लूस्कायवर आपला डेटा आपल्या सर्व्हरवर ठेवता येतो, पण सगळ्यांचं एकत्र करून दाखवायचं मोठं काम आज मुख्यतः ती कंपनीच करते. पण टाइमलाइन रिकामी असताना हे कोण ऐकतं? आमच्यातला एक मोठा दोष आत्ता सापडला. मराठीत लिहिणाऱ्या दर तिघांतल्या एकाच्या पोस्टीला भाषा ‘इंग्रजी’ लागलेली होती, कारण नवीन खात्याला तीच लागून येते. मग ज्याने फक्त मराठी दाखव असं ठरवलं, त्याला त्या दिसतच नव्हत्या. दोन वर्षं आम्ही ‘इथे मराठी कमी आहे’ म्हणत होतो. स्वागताच्या निरोपात आता पहिली ओळ भाषा बदलण्याची आहे.

दोन्हीकडच्यांना बोलता यावं म्हणून ब्रिज, म्हणजे मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय जोडणारी सेवा, सुचवला. आपण त्या ब्रिजच्या खात्याला फॉलो केलं की आपल्या पोस्टी पलीकडे दिसतात. तो आधी न विचारता सगळ्यांना जोडणार होता, त्यावरून फेब्रुवारीत रण पेटलं आणि ‘विचारून’ झाला. आमचे २२ जण जोडले गेले.

८ डिसेंबर २०२४, रविवार

आजवरचा खर्च ₹६८,४००, वर्गणी ₹६१,९००. फरक माझ्या खिशातून. यंत्राला महिन्यात चार तास लागतात. तक्रारी, समजुती आणि फोन यांना किती ते मोजायचं सोडून दिलं.

निलंबनाचं बटण आता माझ्या एकट्याच्या हातात नाही. तिघांची सही, आधी किती नाती तुटतील त्याचा आकडा जाहीर, मग ४८ तास थांबायचं. काल रात्री नऊला पहिला अर्ज आला, ब्रिजच ब्लॉक करा असा, १९ सह्यांचा. आकडा काढला: ३०७. त्यात रत्नागिरीचे गुरुजी आहेत, पलीकडे त्यांना मोडीवाले सापडलेत. मुदत उद्या रात्री नऊला संपते. मावसबहीण म्हणते तिची सही मिळणार नाही. खजिनदाराने अजून सांगितलेलं नाही.